सांगली-मिरजेतली हौशी फुटबॉल लीग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, पालक, मंडळांचे कार्यकर्ते आणि नव्याने संघ काढणारी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. फुटबॉलमध्ये नियम दोन थरांचे असतात. खेळाचे नियम जगभर सारखेच. स्पर्धेचे नियम मात्र ज्या त्या लीगचे. खाली जिथे "नियमावली पाहा" म्हटलं आहे, तिथे त्या सीझनची लीगची छापील नियमावलीच शेवटचा शब्द समजावी.

1. लीग आणि चषक यांत फरक काय? आम्ही वर्षाला चार-पाच स्पर्धा खेळतोच की.

चषक म्हणजे बहुतेक वेळा बाद पद्धत. 16 संघ उतरले तर पहिल्या फेरीनंतर 8 संघ घरी जातात. प्रवेश फी भरली, जर्सी छापल्या, एक सामना खेळला, संपलं. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. 8 संघांची एकेरी लीग घेतली तर 28 सामने होतात आणि तळाला राहिलेल्या संघालाही पूर्ण 7 सामने मिळतात.

रोख बक्षिसांच्या स्पर्धांना आमचा विरोध नाही. गर्दी त्यांनीच जमते. पण खेळाडू घडतो तो आठवड्यामागून आठवडा ठरलेल्या सामन्यांतून, हरून पुन्हा पुढच्या रविवारी उभं राहण्यातून. आपल्यापासून 50 किलोमीटरवर कोल्हापूर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, कारण शाहू स्टेडियमवर हे संघ वर्षानुवर्षं लीगमध्ये एकमेकांसमोर येतात. त्याच गावचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सांगली-मिरजेत पायात कला असलेली मुलं कमी नाहीत. कमी पडतात ते नियमाने होणारे सामने.

2. आपल्याकडे सीझन कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत मुख्य सामने आटोपणं सगळ्यांत सोयीचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात आणि मार्चपासून ऊन चढतं. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान बुटाला किलोभर चिकटतं आणि वाळल्यावर त्याच चिखलाचे खड्डे दगडासारखे होतात. शहरात पाऊस थोडा असला तरी कोयना आणि महाबळेश्वर पट्ट्यात झोडपलं की कृष्णा फुगते. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. जुलै-ऑगस्टच्या तारखा कागदावर कितीही छान बसल्या तरी त्या धरू नयेत.

3. आमच्या गल्लीतल्या ग्रुपचा क्लब करायचा आहे. सरकारी नोंदणी लागतेच का?

नुसतं खेळायला लागत नाही. पण संलग्नता, बँक खातं, देणगी, मैदानाचा अर्ज यातलं काहीही संस्थेच्या नावाने करायचं असेल, तर नोंदणी हवी. साधारण मार्ग असा: किमान सात सभासद, घटना आणि नियमावली, मग सहाय्यक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 यांखाली नोंदणी. तुमचं गणेशोत्सव मंडळ किंवा तालीम आधीच नोंदलेली असेल तर नवी संस्था काढायची घाई करू नका. तिच्याच घटनेत क्रीडा हा उद्देश आहे का ते आधी बघा. बहुतेकांच्या घटनेत असतो, फक्त कुणी वाचलेली नसते.

संलग्नतेची साखळी अशी: क्लब जिल्हा संघटनेला, जिल्हा संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला म्हणजे विफाला, आणि विफा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला.

4. संघात किती खेळाडू लागतात? ऐन वेळी आठच जण आले तर?

मैदानात 11, त्यांत एक गोलकीपर. सामना सुरू करायला किंवा चालू ठेवायला कमीत कमी 7 हवेत. म्हणजे आठ जणांनी सामना सुरू करता येतो आणि उशिरा पोचलेला खेळाडू यादीत नाव असेल तर रेफरीच्या परवानगीने नंतर आत येतो. सामन्याच्या यादीतच नाव नसेल तर मात्र तो येऊ शकत नाही. म्हणून यादी देताना वाटेत असलेल्यांचीही नावं लिहा. नोंदणी 18 ते 20 जणांची ठेवा. एमआयडीसीत शिफ्ट करणारी, लग्नसराईत अडकणारी आणि क्लासला जाणारी मुलं वजा करता रविवारी चौदा हाती लागतात.

5. मैदान कसं आखायचं? आमचं मैदान थोडं लहान आहे, चालेल का?

लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर या हद्दीत बसलं की चालतं. लांबी रुंदीपेक्षा जास्त हवी, एवढंच. त्यापेक्षा लहान असेल तर तिथे सात किंवा नऊ जणांचे सामने घ्यावेत. मुलांच्या गटाला तेच जास्त मानवतं.

आखणीला मोजपट्टी, सुतळी, खुंट्या आणि फक्की एवढंच लागतं. सुरुवात कोपऱ्यापासून करा. बाजूच्या रेषेवर 4 मीटरवर एक खुंटी, गोलरेषेवर 3 मीटरवर दुसरी. दोन्ही खुंट्यांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 मीटर भरलं तर कोपरा काटकोनात आहे. चारही कोपरे असे तपासा, नाहीतर पेनल्टी एरियाची एक बाजू पळते आणि सामना सुरू झाल्यावर ती सगळ्यांना दिसते. पेनल्टी एरिया गोलपोस्टपासून दोन्ही बाजूंना 16.5 मीटर आणि आतही 16.5 मीटर, पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15 मीटर. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. रेषा 12 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. फक्की सुतळीच्या कडेने, वारा पडलेला असताना सकाळी लवकर मारावी.

उचलून ठेवायचे लोखंडी गोल वापरत असाल तर ते जमिनीत ठोकून किंवा घट्ट जखडूनच वापरायचे. याला सूट नाही. क्रॉसबारला लोंबकळणाऱ्या पोराच्या अंगावर अख्खा गोल येतो.

6. खेळाडूची "नोंदणी" म्हणजे नेमकं काय? आधार कार्डची झेरॉक्स दिली म्हणजे झालं ना?

नाही. लीगच्या यादीत नाव जाणं वेगळं आणि महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत खेळाडू म्हणून नोंद होणं वेगळं. दुसऱ्या नोंदीत खेळाडूला कायमचा क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या सीझनला कोणत्या क्लबकडे होता याचा इतिहास तयार होतो. ती नोंद क्लबमार्फत होते. ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि वय 18 खाली असेल तर पालकांची संमती तयार ठेवा.

लहान क्लब इथेच कंटाळा करतात आणि नुकसान करून घेतात. खेळाडूच्या बाराव्या वर्षापासूनचा इतिहास पुढे मोलाचा ठरतो. तो उद्या व्यावसायिक झाला आणि एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे मोजून गेला, तर फिफाच्या नियमाने त्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. नोंदच नसेल तर कुपवाडच्या मैदानावर त्याला पाच वर्षं शिकवलं हे सिद्ध कशाने करणार?

7. एकाच सीझनला दोन क्लबांकडून खेळता येतं का?

एकाच वेळी नोंदणी एकाच क्लबकडे. सीझनच्या मध्ये क्लब बदलायचा तर बदलीच्या मुदतीत, जुन्या क्लबच्या ना-हरकतीसह. शाळा, कॉलेज किंवा कंपनीच्या संघाकडून खेळणं हे क्लब बदलणं धरत नाहीत. कॉलेजकडून शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आणि रविवारी क्लबकडून लीगमध्ये, असं बिनदिक्कत खेळा. फक्त तारखा एकमेकांवर येणार नाहीत हे दोन्हीकडच्या सरांना आधी सांगा.

"तिकडे वेगळ्या नावाने खेळतो" हा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. सापडलं की खेळाडूवर बंदी येते आणि संघाचे गुणही जातात (प्रश्न 12).

8. कोल्हापूरच्या संघाकडून खेळणारा मुलगा आमच्या लीगमध्ये चालेल का?

तिकडची नोंदणी चालू असेल तर तिची बदली झाल्याशिवाय नाही. "तिकडचा सीझन संपलाय" हे तोंडी सांगून भागत नाही. परजिल्ह्यातले किंवा परराज्यातले खेळाडू किती घ्यायचे, याची मर्यादा नियमावलीत असते. आमचं म्हणणं असं, की हौशी लीगमध्ये ही मर्यादा कडकच हवी. बाहेरून आणलेले चार-पाच जण सामना जिंकून देतात, पण त्या जागांवर बसलेली गावातली पोरं पुढच्या वर्षी बूट खुंटीला टांगतात.

9. प्रवासखर्च किंवा सामनावीराचं रोख बक्षीस घेतलं तर मी व्यावसायिक ठरतो का?

नाही. फिफाच्या नियमात व्यावसायिक तो, ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी होणाऱ्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. बाकी सगळे हौशी. एसटीचं भाडं, बूट, जेवण यांनी दर्जा बदलत नाही.

उलटा प्रश्नही येतो: व्यावसायिक करार संपवून गावी परतलेला खेळाडू हौशी म्हणून कधी खेळू शकतो? व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर किमान 30 दिवस जावे लागतात.

10. माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. त्याला मोठ्यांच्या संघात घेतायत. जाऊ देऊ का?

लीगने किमान वय ठरवलेलं असतं, ते आधी बघा. वयात बसत असला तरी निर्णय पालकांचाच. चेंडूवर हुकूमत असलेलं पंधरा वर्षांचं पोरगं मोठ्यांत खेळून झपाट्याने सुधारतं हे खरं. तितकंच खरं, की पंचविशीतल्या गड्याच्या टॅकलचा भार त्याच्या गुडघ्याने घ्यायची अजून वेळ झालेली नसते. प्रशिक्षकाला विचारा: सामन्यात किती मिनिटं उतरवणार, कुठल्या जागेवर, आणि त्याच आठवड्यात शाळेचाही सामना असेल तर काय करणार? यांची उत्तरं तयार असतील तर माणूस विचार करून घेतोय.

वय लपवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. महासंघाच्या वयोगटातल्या स्पर्धांत हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतात. दाखल्यावरचं वय तिथे तोकडं पडलं की पोराचं भविष्य तिथेच अडकतं.

11. गुण सारखे झाले तर वर कोण? दर वर्षी यावरून भांडण होतं.

विजयाला 3, बरोबरीला 1. पुढचं लीगवर अवलंबून. समजा मिरजेच्या आणि तासगावच्या संघाचे 13-13 गुण झाले. मिरजेचा गोलफरक +9, तासगावचा +6, पण दोघांच्या सामन्यात तासगाव 1-0 ने जिंकलं होतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगसारखा गोलफरक आधी धरला तर मिरज वर. स्पेनच्या ला लीगासारखी आपसातली लढत आधी धरली तर तासगाव वर. दोन्ही पद्धती रास्त आहेत. पहिल्या सामन्याआधी लिहून ठेवलेली नसेल तर दोन्हींवरून मारामारी होते.

छोट्या लीगला आमची शिफारस आपसातल्या लढतीची. गोलफरक आधी धरला की कमकुवत संघाला दहा-दहा गोल मारण्याची चढाओढ लागते आणि तो संघ पुढच्या वर्षी येत नाही. तीन संघ सारख्या गुणांवर असतील तर त्या तिघांमधल्या सामन्यांचा वेगळा तक्ता करावा, आणि तोही सुटला नाही तरच एकूण गोलफरकाकडे जावं.

12. समोरचा संघ आलाच नाही, किंवा त्यांनी नोंदणी नसलेला खेळाडू उतरवला. निकाल काय लागतो?

रूढ निकाल 3-0. मैदानात प्रत्यक्ष फरक त्याहून मोठा असेल, म्हणजे निर्दोष संघ 5-0 ने जिंकलेला असेल, तर तोच कायम राहतो. न आलेल्या संघाची किती वेळ वाट बघायची ते नियमावलीत असतं. तोवर तुमचा संघ ड्रेस घालून मैदानात हजर हवा आणि रेफरीने तशी नोंद केलेली हवी. "ते येणार नव्हतेच" म्हणून तुम्हीही चहाला गेलात तर गुण कुणालाच नाहीत.

13. एखादा संघ लीग अर्धवट सोडून गेला तर त्याच्याशी झालेल्या सामन्यांचं काय?

सर्वांत न्याय्य पद्धत अशी: त्या संघाचे निम्म्यापेक्षा कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल तक्त्यातून काढावेत. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर झालेले निकाल ठेवून उरलेल्यांत समोरच्याला 3-0 द्यावा. यात कुणाला तरी टोचतंच. ज्यांनी त्या संघाशी घाम गाळून विजय मिळवला त्यांचे 3 गुण जातात, ज्यांचा सामना व्हायचा होता त्यांना काहीच तोटा नाही. म्हणूनच सोडून जाणाऱ्या संघाची अनामत जप्त करण्याचा नियम लीगने पाळलाच पाहिजे, ओळखीपाळखी बाजूला ठेवून.

14. सामना पावसाने किंवा अंधाराने थांबला तर उरलेलाच खेळवायचा की पहिल्यापासून?

खेळाच्या नियमाप्रमाणे अर्धवट सुटलेला सामना पहिल्यापासून खेळवायचा, स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं लिहिलं नसेल तर. बऱ्याच लीग उरलेली मिनिटं त्याच गुणसंख्येवर खेळवतात. तसं हवं असेल तर आधी लिहून घ्या. अंधाराचं मात्र कारण नको. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास उजेड जातो, तेव्हा दुसरा सामना साडेतीननंतर सुरू करूच नये. वीज कडाडली की मैदान आणि झाडाखालची जागा दोन्ही रिकाम्या करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा.

15. हातातलं कडं, गळ्यातली साखळी, बोटातली अंगठी: टेप लावून चालते का?

चालत नाही. दागिने काढायचेच, टेपने झाकणंही नियमात बसत नाही. घट्ट बसलेलं कडं घरूनच साबण लावून काढून या, मैदानावर पाच मिनिटं जातात. शिनगार्ड सक्तीचे आहेत, मोज्यांनी पूर्ण झाकलेले.

16. बाहेर काढलेला खेळाडू परत आत येऊ शकतो का?

मुलांच्या, ज्येष्ठांच्या आणि तळागाळातल्या हौशी स्पर्धांना ही मुभा देता येते. तुमच्या लीगने दिली आहे का, ते नियमावलीत पाहा. आम्हाला ती आवडते, कारण दुखापतीनंतर दम घेऊन परत येता येतं आणि बाकावरच्या पोरालाही खेळायला मिळतं.

17. रेफरीने चुकीचा गोल दिला. व्हिडिओ आहे. तक्रार केली तर निकाल बदलेल?

नाही. गोल झाला की नाही, फाउल होता की नव्हता, या खेळातल्या घटनांवर रेफरीचा निर्णय अंतिम. तक्रार चालते ती खेळाडूच्या पात्रतेवर, म्हणजे नोंदणी, बंदी किंवा वय यांवर. तीही लेखी, मुदतीत आणि फी भरून. रेफरीशी मैदानात बोलायला कर्णधाराने जावं. आपल्याकडे रेफरी मुळातच मोजके, त्यांतले दोन-तीन शिव्यांना कंटाळून थांबले की लीगच थांबते.

18. आमच्या खेळाडूला लाल कार्ड मिळालं. पुढचा सामना समोरचा संघ न आल्याने झालाच नाही. त्याची बंदी संपली का?

हो, कारण सामना न होण्यात तुमच्या संघाचा दोष नव्हता. तुमचाच संघ आला नसता तर बंदी संपली असं धरलं नसतं. सीझनच्या शेवटच्या सामन्यातलं कार्ड पुढच्या सीझनला लागू होतं, हेही लक्षात ठेवा.

19. लीगच्या प्रमाणपत्रावर दहावीला ग्रेस गुण किंवा नोकरीत आरक्षण मिळतं का?

स्थानिक क्लब लीगच्या प्रमाणपत्रावर मिळत नाही. ग्रेस गुणांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांचा मार्ग धरा: तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य. 1960 पासून चालू असलेली सुब्रतो कपही शाळांमार्फतच खेळतात आणि तिच्यात 17 वर्षांखालील मुलींचाही गट आहे. खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण आणखी वरच्या कामगिरीवर मिळतं आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते. लीग तुम्हाला त्या संघात निवडलं जाण्याइतकं तयार करते, एवढं तिचं काम.

20. सामन्यात डोक्याला मार लागला, पण पोरगा म्हणतो मी बरा आहे. खेळू द्यायचं का?

नाही. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा क्षणभर शुद्ध हरपणं, यांतलं काहीही दिसलं की त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग फायनल असो. 108 ला फोन करा किंवा थेट मिरजेच्या दवाखान्यात न्या. एवढी वैद्यकीय सोय हाताशी असलेली गावं थोडी आहेत. घरी एकट्याला सोडू नका.

21. पुरात क्लबची फाइल गेली. आता संलग्नता आणि खेळाडू कसे सिद्ध करायचे?

नदीकाठच्या मंडळांकडून हा प्रश्न येत राहतो. नोंदणी प्रमाणपत्राची आणि घटनेची प्रमाणित नक्कल धर्मादाय कार्यालयातून अर्ज करून मिळते. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर काम लवकर होतं, तो जुन्या पावतीवर किंवा लेटरहेडवर सापडतो. खेळाडूंच्या जन्मदाखल्यांच्या प्रती महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नव्याने काढता येतात. सीआरएसवरची नोंद ऑनलाइन असल्याने ती शाबूत असते, फक्त क्लबच्या लॉगिनचा ईमेल चालू हवा. तो ईमेल एकाच माणसाचा खासगी असेल आणि तो माणूस पुण्याला नोकरीला गेला असेल, तर आजच क्लबच्या नावाने नवा ईमेल काढून बदलून घ्या. नव्या फाइलचे फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कागद पूररेषेच्या वर राहणाऱ्या सभासदाच्या घरी.